मिशिगन–ओहायो स्टेट: ही मॅच पहिल्यांदा बघायला जाणाऱ्यांसाठी

दर ऑगस्टमध्ये ॲन आर्बरला, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावात, नवे विद्यार्थी येतात. त्यात पुण्याची, नागपूरची, कोल्हापूरची मुलंमुली असतातच. सप्टेंबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या शनिवारी त्यांच्या लक्षात येतं की आज लायब्ररी ओस पडली आहे, बस वेगळ्याच रस्त्याने चालली आहे आणि अख्खं गाव पिवळ्या-निळ्या कपड्यांत एकाच दिशेने निघालं आहे. २०१५ साली मी सोलापूरहून आले तेव्हा मीही त्या गर्दीमागे अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायला गेले होते. साडेतीन तास बसले, काहीही कळलं नाही, आणि घरी फोनवर सांगितलं की इथे लोक अकरा सेकंद खेळतात आणि अर्धा तास उभे राहतात.

माझं ते मत बदललं शेजारच्या आजोबांमुळे. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, शनिवारी व्हरांड्यात रेडिओ लावून बसणारे. मी त्यांना ‘आजोबा’च म्हणायचे, अर्थ सांगितल्यावर तर त्यांना ते फारच आवडलं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की क्वार्टरबॅककडे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या म्होरक्याकडे, बघणं सोड. चेंडूला लाथ बसते तेव्हा नीट बघ, आणि हाफटाइमनंतर काय बदललं ते बघ. या दोन गोष्टींनी मला हा खेळ उघडून दिला. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिते आहे. कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेटच्या गावी, राहणाऱ्यांनी रंग तेवढे बदलून वाचावं.

१. आधी कोण कोणाचं, ते समजून घ्या

सुरुवातीलाच एक खड्डा आहे. मिशिगन आणि मिशिगन स्टेट ही दोन वेगळी विद्यापीठं आहेत. पहिलं ॲन आर्बरला, रंग पिवळा-निळा. दुसरं ईस्ट लान्सिंगला, रंग हिरवा-पांढरा. दोघांचं आपसात जुनं वैर आहे. ‘सगळं एकच ना’ म्हणालात तर दोन्हीकडचे दुखावतील. तसंच ओहायो स्टेट म्हणजे कोलंबसचं विद्यापीठ, रंग किरमिजी आणि राखाडी. नुसतं ‘ओहायो युनिव्हर्सिटी’ हे तिसरंच, ॲथेन्स नावाच्या गावातलं.

मिशिगन आणि ओहायो स्टेट पहिल्यांदा भिडले १८९७ मध्ये. मिशिगनने ३४–० असं हरवलं. १९१८ पासून दरवर्षी मॅच होते, खंड पडला तो फक्त २०२० मध्ये कोविडमुळे. ही मॅच मोसमाच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी असते आणि लोक तिला नुसतं ‘द गेम’ म्हणतात.

पण खुन्नस खेळाच्याही आधीची आहे. १८३५-३६ मध्ये टोलेडो गावाच्या पट्ट्यावरून ओहायो राज्य आणि मिशिगन प्रदेश यांनी एकमेकांसमोर स्वयंसेवक सैनिक उभे केले होते. जुन्या नकाशात मिशिगन सरोवराचं दक्षिण टोक चुकीच्या जागी दाखवलं होतं, त्यामुळे सीमारेषा नेमकी कुठून जाते यावर दोघांचे दोन दावे. सीमाप्रश्न म्हणजे काय, पिढ्यानपिढ्या तो मनात कसा राहतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. शेवटी टोलेडो ओहायोला गेलं, मिशिगनला उत्तरेकडचा मोठा द्वीपकल्प देऊन १८३७ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला. त्या उत्तरेच्या जंगलात पुढे तांबं आणि लोखंड निघालं, हे मिशिगनची माणसं आजही मुद्दाम सांगतात.

एवढं माहीत असेल तर मॅचच्या आठवड्यात कोलंबसच्या पाट्यांवर प्रत्येक ‘एम’ अक्षरावर लाल फुली का मारलेली असते ते कळेल. मिशिगनला हरवलं की ओहायो स्टेटच्या खेळाडूंना सोन्याच्या चड्डीचं छोटंसं पदक मिळतं. ही प्रथा १९३० च्या दशकातली. बाहेरच्याला ती गंमत वाटते. ज्यांच्या घरी ते पदक काचेच्या कपाटात ठेवलेलं असतं त्यांना ती गंमत वाटत नाही, हे लक्षात ठेवून बोला.

२. नियम: लागतील तेवढेच

सगळे नियम पाठ करू नका. एवढे पुरतात:

- प्रत्येक बाजूला ११ खेळाडू. मैदान १०० यार्ड, दोन्ही टोकांना १० यार्डांचा एंड झोन.
- चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं. एका प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. १० यार्ड झाले की पुन्हा नवे चार.
- चेंडू समोरच्याच्या एंड झोनमध्ये नेला की टचडाउन, ६ गुण. त्यानंतर लाथेने १, किंवा धाडस करून पुन्हा एंड झोन गाठला तर २. लाथेने चेंडू खांबांमधून पाठवला तर फील्ड गोल, ३. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनाच त्यांच्या एंड झोनमध्ये पाडलं तर ‘सेफ्टी’, म्हणजे समोरच्याला २.
- १५ मिनिटांचे चार भाग. कॉलेजमध्ये हाफटाइम २० मिनिटांचा.

कबड्डी बघितली असेल तर थर्ड डाउन लगेच कळेल. प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करा किंवा मरा’ होते, प्रेक्षक सरसावून बसतात, आणि बचाव करणाऱ्यांना माहीत असतं की हा आता काहीतरी घेणारच. थर्ड डाउनला इथे तेच होतं. स्टेडियममधले प्रेक्षक अचानक आरडाओरडा करू लागले तर समजा की पाहुण्यांचा थर्ड डाउन आहे आणि त्यांच्या क्वार्टरबॅकचा आवाज त्याच्याच माणसांना ऐकू जाऊ नये असा प्रयत्न चाललाय. आपल्या संघाकडे चेंडू असताना मात्र गप्प बसायचं. नवीन माणूस नेमकं उलटं करतो. मीही केलं होतं, आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून, अगदी प्रेमाने, माझ्या हातावर हात ठेवला होता.

फोर्थ डाउनला मात्र बहुतेक वेळा संघ धावत नाही. लाथ मारतो: एकतर चेंडू लांब समोरच्याकडे टाकून देतो, त्याला ‘पंट’ म्हणतात, नाहीतर फील्ड गोलचा प्रयत्न करतो.

३. लाथेचे डाव बघायला शिका

फोर्थ डाउन आला की आजूबाजूचे निम्मे लोक खायला उठतात. तुम्ही उठू नका. नवख्याला पूर्ण दिसेल आणि पूर्ण कळेल असा हा एकमेव क्षण आहे. बाकीच्या डावात बावीस माणसांचा ढीग होतो आणि चेंडू कुठे गेला तेही कळत नाही. पंटमध्ये मैदान मोकळं होतं, चेंडू आकाशात असतो, आणि कोण कुठे पळतंय ते शेवटच्या रांगेतूनही दिसतं. या डावांसाठी जी वेगळी माणसं मैदानात येतात त्यांना ‘स्पेशल टीम्स’ म्हणतात. त्यातले बरेचसे राखीव खेळाडू, पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पोरं, ज्यांचं नाव एरवी कोणी घेत नाही.

पंट बघताना नजर या क्रमाने फिरवा:

पहिल्यांदा पंटरच्या मागे नव्हे, त्याच्या समोर बघा. त्याच्यावर धावून जायला किती जण उभे आहेत? सहा असतील तर साधा डाव. आठ-नऊ असतील तर लाथ अडवायला येताहेत.

मग स्नॅप. चेंडू दोन पायांमधून सुमारे १५ यार्ड मागे फेकला जातो. तो जमिनीवर घासत आला तर श्वास रोखा.

मग झेलणारा. त्याने डोक्यावर हात हलवला तर ‘फेअर कॅच’, कोणी त्याला हात लावायचा नाही, त्यानेही पळायचं नाही. हात हलवला नाही तर तो पळणार आहे. चेंडू त्याच्या हातून सुटला किंवा त्याला नुसता चाटून गेला तरी तो आता कोणाचाही. म्हणून चेंडू जमिनीवर उड्या मारत असताना झेलणाऱ्या संघाची माणसं हातवारे करत लांब पळतात. पाय लागला तरी घात होतो.

आणि हिशोब करा. ४५ यार्डांची लाथ मारली आणि समोरच्याने १५ यार्ड परत आणली, तर कमाई ३० यार्डांचीच. लांब लाथेवर टाळ्या पडतात, पण जाणकार चेंडू हवेत किती वेळ राहिला ते मोजतात, कारण तेवढ्या वेळात आपली माणसं खाली पोचतात. एक बारकावा: व्यावसायिक लीगमध्ये लाथ बसेपर्यंत कडेच्या दोघांनाच पुढे पळता येतं, कॉलेजमध्ये स्नॅप होताच सगळ्यांना मुभा आहे. त्यामुळे पंटरसमोर तीन धिप्पाड माणसांची ढाल ठेवून बाकी सगळे सुटलेले तुम्हाला कॉलेजमध्ये दिसतील.

फील्ड गोलचं अंतर काढणं त्याहून सोपं. चेंडू ज्या रेषेवर आहे त्यात १७ मिळवा: १० यार्ड एंड झोनचे, ७ यार्ड मागे चेंडू टेकवतात ते. चेंडू २० च्या रेषेवर असेल तर ३७ यार्डांची लाथ. शेजारच्या माणसाच्या आधी हा आकडा म्हणा, तो तुमच्याकडे आदराने बघेल.

आता या लाथांनी या वैरात काय काय केलंय ते सांगते, कारण लोक गप्पांत याच मॅचचे दाखले देतात.

२५ नोव्हेंबर १९५०, कोलंबस. असं हिमवादळ की रेषा दिसत नव्हत्या. चेंडू हातात ठरेना, पाय जमिनीवर ठरेनात. दोन्ही कोचांनी एकच विचार केला: चेंडू आपल्याकडे असणं हाच धोका आहे, तो लाथ मारून समोरच्याच्या गळ्यात टाका आणि तो चुकायची वाट बघा. कधीकधी पहिल्याच डाउनला लाथ. दोन्ही संघांनी मिळून ४५ पंट मारले, त्यातले २४ एकट्या मिशिगनचे. हाफटाइमला मिनिटभरही उरलं नव्हतं तेव्हा ओहायो स्टेटने वेळ घालवायचा सोडून आपल्या गोलजवळून पंट मारायचं ठरवलं. तो अडवला गेला आणि एंड झोनमध्ये मिशिगनचा टोनी मॉम्सेन त्या चेंडूवर आडवा पडला. टचडाउन. आधी एका अडवलेल्या पंटमधून सेफ्टीचे २ मिळाले होतेच. ओहायो स्टेटचे ३ गुणसुद्धा अडवलेल्या पंटमधूनच आले. मिशिगन ९–३ ने जिंकलं. संपूर्ण मॅचमध्ये मिशिगनला एकही फर्स्ट डाउन मिळाला नाही, एकही पास पूर्ण झाला नाही, सगळी मिळून आगेकूच २७ यार्डांची! ओहायो स्टेटच्या कोचवर त्या निर्णयावरून इतकी टीका झाली की त्याने पद सोडलं. त्याच्या जागी आला वुडी हेज. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

१९७३ आणि १९७४ ही वर्षं मिशिगनच्या म्हाताऱ्या लोकांसमोर काढताना आवाज खाली घ्या. दोन्ही वर्षी शेवटच्या मिनिटांत मिशिगनचा किकर माइक लँट्री चुकला. तो व्हिएतनाममध्ये सैनिक म्हणून राहून आलेला. १९७३ ची मॅच १०–१० अशी सुटली, आणि दोन्ही संघ अपराजित असताना रोझ बोलला, म्हणजे मोसमानंतरच्या मानाच्या मॅचला, कोण जाणार हे दोघांच्या बिग टेन या गटातल्या विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांनी मतदानाने ठरवलं. त्यांनी ओहायो स्टेटला पाठवलं. १९७४ मध्ये ओहायो स्टेटने एकही टचडाउन केला नाही, टॉम क्लाबनच्या चार फील्ड गोलवर १२–१० ने जिंकले. आजोबा या दोन मॅचविषयी बोलताना लँट्रीला कधी दोष देत नसत. त्या पोराने दोन्ही वेळा चेंडूसमोर उभं राहायचं नाकारलं नाही, एवढंच म्हणायचे. मला हा माणूस या वैरातल्या सगळ्या विजेत्यांपेक्षा जवळचा वाटतो.

परतीच्या धावाही लक्षात ठेवा. १९९१ मध्ये डेस्मंड हॉवर्डने ओहायो स्टेटविरुद्ध पंट झेलून ९३ यार्ड नेला आणि एंड झोनमध्ये हाइझमन चषकावरच्या (कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) पुतळ्यासारखी पोझ घेतली. तो चषक त्याला मिळालाही. १९९७ मध्ये चार्ल्स वुडसनने ७८ यार्डांची परतीची धाव घेतली, मिशिगन २०–१४ ने जिंकलं, आणि मुख्यतः बचावात खेळणाऱ्या खेळाडूला पहिल्यांदाच हाइझमन मिळाला. २००४ मध्ये ओहायो स्टेटच्या टेड गिन ज्युनियरने ८२ यार्डांची परतीची धाव घेतली.

आणि या वैराबाहेरची एक, जी ॲन आर्बरला कोणी मोठ्याने बोलत नाही: १ सप्टेंबर २००७. खालच्या गटातला ॲपलाचियन स्टेट पाहुणा म्हणून आला आणि शेवटच्या सेकंदांत मिशिगनचा फील्ड गोल अडवून ३४–३२ ने जिंकून गेला.

४. हाफटाइमनंतर काय बदललं ते शोधा

हाफटाइमला बँड बघाच, विशेषतः कोलंबसला असाल तर. बँड मैदानावर ‘ओहायो’ हा शब्द लपेटी अक्षरात लिहितो आणि शेवटी सूझाफोन वाजवणारा एक जण ऐटीत चालत जाऊन ‘आय’वरचा टिंब होतो. तो मान मिळणं ही तिथे आयुष्यभर सांगायची गोष्ट असते.

त्याच वेळी आत फळ्यावर खडू चालत असतो. खरं तर कोच हाफटाइमची वाट बघत बसत नाहीत, दर वेळी खेळाडू बाकावर परतले की दुरुस्ती सुरू असते. काही कोच वर काचेच्या खोलीत बसतात, कारण वरूनच रचना दिसते. २०२४ पासून वरच्या विभागातल्या कॉलेज संघांना बाकावर टॅबलेट वापरायची आणि एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज पोचवायची परवानगी मिळाली. त्याआधी सगळं हातवाऱ्यांवर आणि चित्रांच्या मोठ्या फलकांवर चालायचं.

नवीन माणसाने तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला तीनच प्रश्न विचारावेत. बचावाची किती माणसं चेंडूजवळ उभी आहेत, पहिल्या अर्धात होती तेवढीच का? सगळ्यात मागे उभे असलेले दोघे पुढे सरकलेत की अजून लांब गेलेत? आणि जो डाव पहिल्या अर्धात चालत होता तो पुन्हा खेळतायत की टाळतायत?

२०२२ ची मॅच यासाठी उत्तम आहे, जुनं चित्रीकरण मिळालं तर शांतपणे बघा. कोलंबसला हाफटाइमला ओहायो स्टेट २०–१७ ने पुढे होता. मिशिगनचा मुख्य धावपटू जायबंदी, जेमतेम दोनदा चेंडू हातात घेतलेला. ओहायो स्टेटने धाव थांबवायला माणसं पुढे आणून ठेवली होती. क्रिकेटमध्ये सगळे क्षेत्ररक्षक बॅटजवळ आणले की एक फटका सुटल्यावर चेंडू सीमेपर्यंत अडवायला कोणी नसतं, तसं झालं. पहिल्या अर्धातच लांब पासवर दोन टचडाउन गेले होते. तरी माणसं पुढेच राहिली. चौथ्या भागात डॉनोव्हन एडवर्ड्स फळी फोडून बाहेर पडला आणि मागे कोणीच नव्हतं: एकदा ७५ यार्ड, एकदा ८५. दुसऱ्या अर्धाचा हिशोब मिशिगन २८, ओहायो स्टेट ३. शेवट ४५–२३.

कधीकधी न बदलणं हाच मुद्दा असतो. २०२४ मध्ये मिशिगन जिंकेल असं जवळजवळ कोणालाच वाटत नव्हतं. मिशिगनच्या बचावाची मधली फळी फार भक्कम, आणि ओहायो स्टेट तिथेच, मधूनच, धाव घेत राहिला. कडेला गुणी पळणारे उभे होते. हाफटाइमला १०–१०, दुसऱ्या अर्धात दोघांचे मिळून ३ गुण, तेही ४५ सेकंद राहिले असताना मिशिगनच्या डॉमिनिक झ्वाडाने मारलेल्या २१ यार्डांच्या लाथेचे. ओहायो स्टेटचे ४० यार्डांच्या आतले दोन फील्ड गोल आधीच हुकले होते. १३–१० ने हरलेला तोच संघ त्या मोसमाचा राष्ट्रीय विजेता ठरला. तरीही कोलंबसची माणसं त्या वर्षाबद्दल बोलताना मध्येच थांबतात. हे वैर काय आहे हे मला त्या थांबण्यातून जास्त कळलं.

कोच हा विषय निघालाच तर १९६९ ते १९७८ ही दहा वर्षं माहीत हवीत. ओहायो स्टेटकडे वुडी हेज, मिशिगनकडे बो शेमबेक्लर. बो हा वुडीचाच शिष्य, त्याच्या हाताखाली खेळलेला आणि सहायक कोच म्हणून राबलेला. १९६९ मध्ये बोचं मिशिगनमधलं पहिलंच वर्ष, ओहायो स्टेट सलग २२ मॅच जिंकून आलेला. मिशिगनने २४–१२ ने हरवलं. सगळे गुण पहिल्या अर्धात झाले, दुसऱ्या अर्धात गुरूला शिष्याने एकही गुण करू दिला नाही. त्यातही बॅरी पिअर्सनची ६० यार्डांची पंट परत आणलेली धाव होतीच. दहा वर्षांचा निकाल: बो ५, वुडी ४, एक बरोबरी.

५. तिकीट, कागद आणि कपडे

सोबत असू द्या:

- विद्यार्थी तिकीट असेल तर विद्यापीठाचं ओळखपत्र (ॲन आर्बरला एमकार्ड, कोलंबसला बकआयडी).
- तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये आदल्या रात्रीच उतरवून ठेवलेलं. एक लाखाहून जास्त माणसं एका जागी असताना ऐनवेळी नेटवर्कवर भरवसा ठेवू नका.
- छोटी पॉवर बँक आणि पैसे द्यायला कार्ड.
- राज्याचं ओळखपत्र असेल तर तेच. पासपोर्ट घरी ठेवा, गर्दीत हरवला तर महिनोन्‌महिने धावपळ.
- नोव्हेंबरमध्ये: थर्मल, लोकरी टोपी, दोन जोड मोजे, हातात धरायच्या गरम पुड्या, आणि बसायला जाड गादी किंवा घडी केलेली जुनी वर्तमानपत्रं. बाकडं बर्फासारखं गार असतं आणि ती थंडी खालून चढते.

नेऊ नका: पिशवी आणि छत्री. पिशव्यांचे नियम अतिशय कडक असतात, आणि दारातून परत पाठवलं तर ती ठेवायला जागा शोधण्यात पहिला भाग जातो. पावसाला साधा प्लास्टिकचा पोंचो.

फसवणूक कशी होते तेही सांगते. माझ्या दुसऱ्या वर्षी मी एका अनोळखी माणसाकडून तिकिटाचा स्क्रीनशॉट विकत घेतला. दारावर तो चालला नाही, पैसेही गेले. तिकीट तुमच्या खात्यात अधिकृतपणे हस्तांतरित झालेलं दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसरं, विद्यार्थी नसलेल्या मित्राला विद्यार्थी तिकिटावर नेऊ नका. तुमच्याकडे आईबाबा आले असतील तर त्यांना या मॅचला नेण्याऐवजी सप्टेंबरमधली एखादी साधी मॅच दाखवा. तिकीट स्वस्त, हवा छान, आणि बसायला मोकळी जागा.

मॅचआधी गाड्यांच्या मागे शेगड्या पेटतात, त्याला टेलगेट म्हणतात. बोलावलं तर रिकाम्या हाताने जाऊ नका. आम्ही एकदा वडापाव नेले होते, लसणाची चटणी वेगळ्या डब्यात. वीस मिनिटांत संपले आणि पुढच्या वर्षी आधीच विचारणा आली. मांस खात नसाल तर आधी सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही. २१ वर्षं पूर्ण नसतील तर दारूच्या ग्लासाला हातसुद्धा लावू नका. विद्यार्थी व्हिसावर असताना पोलिसांची नोंद परवडत नाही.

६. भारतातून बघणार असाल तर

ही मॅच बहुधा दुपारी १२ ला सुरू होते. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेलेली असतात, म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे साडेदहा. संपेपर्यंत दोन वाजतात. लेकाला किंवा लेकीला मॅच चालू असताना फोन करू नका, नंतर करा, आणि आधी निकाल बघून घ्या म्हणजे कोणत्या सुरात बोलायचं ते कळेल.

७. घड्याळ शून्यावर येईपर्यंत उठू नका

गर्दी टाळायला लोक पाच मिनिटं आधी निघतात. मिशिगन स्टेडियम जमिनीत खोल उतरलेला आहे, बाहेर पडायचं म्हणजे मैदानाकडे पाठ करून पायऱ्या चढायच्या. जागा १,०७,६०१ माणसांची, त्यामुळे निघायला वेळ लागतो हे खरं आहे. तरी थांबा.

१७ ऑक्टोबर २०१५. समोर मिशिगन स्टेट. मिशिगन २३–२१ ने पुढे, घड्याळात १० सेकंद, फोर्थ डाउन. नुसता पंट मारायचा होता. मैत्रीण म्हणाली, झालं, चल, बस चुकेल. आम्ही पायऱ्या चढू लागलो. मिशिगन स्टेटने चेंडू झेलायला मागे कोणालाच ठेवलं नव्हतं, सगळी माणसं पंटरवर सोडली होती. हे मला नंतर आजोबांनी सांगितलं. समोर किती जण उभे आहेत ते मोजायचं मला तेव्हा माहीतच नव्हतं.

स्नॅप खाली आला, ऑस्ट्रेलियाहून आलेल्या पंटरच्या हातून सुटला, त्याने वळून लाथ मारायचा प्रयत्न केला आणि चेंडू उडाला तो थेट जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात. तो ३८ यार्ड पळाला. एंड झोनमध्ये कोसळताना त्याचं कंबरेचं हाड निखळलं, आणि तोपर्यंत घड्याळ शून्यावर आलं होतं. मिशिगन स्टेट २७, मिशिगन २३.

मला यातलं काही दिसलं नाही. पायरीवर पाय ठेवताना मागून लाखभर लोकांचा आवाज एकदम बंद झाला, आणि लांब एका कोपऱ्यातून हिरव्या कपड्यांतल्या माणसांची किंकाळी आली. मी वळले तेव्हा मैदानावर खेळाडूंचा ढीग पडलेला होता. माझ्या पुढे चढत असलेला एक म्हातारा तिथेच पायरीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही.